आधी चाकं, मग कॅमेरा

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

रोबोसाठी कॅमेरा कुठला घेऊ, असं फोनवर विचारलंस. आत्ता घेऊच नकोस. आधी तो सरळ चालू दे, सांगशील तिथे वळू दे. चालणं बेभरवशाचं असेल तर कॅमेऱ्याने दाखवलेल्या जागी तो पोचणार कसा?

पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन पिवळ्या बीओ मोटरी (बॅटरीवर चालणाऱ्या, गिअरवाल्या छोट्या मोटरी), ६५ मिलिमीटरची दोन चाकं आणि मागे लावायला एक कॅस्टर, म्हणजे कुठल्याही दिशेला फिरणारं छोटं चाक, आण. चार मोटरी नकोत. चार चाकांची गाडी वळताना टायर फरशीवर घासतात आणि नेमकी किती वळली याचा हिशेब लागत नाही. दोन चाकांत एक पुढे, दुसरं मागे फिरवलं की गाडी जागच्या जागी गिरकी घेते.

दोन्ही टायरांच्या मध्यांमध्ये १३० मिलिमीटर अंतर ठेव, म्हणजे चाकाच्या व्यासाच्या दुप्पट. मग काटकोनात वळायला प्रत्येक चाकाला बरोबर अर्धा फेरा पुरतो. कागदावर मांडून बघ, मला हे गणित फार आवडतं.

सगळ्यात जड बॅटरी. ती चाकांच्या आसाजवळच बसव, कॅस्टरकडे किंचित सरकवून. फार मागे गेली तर चाकं जागीच घसरतात.

मोटर आर्डुइनोच्या, म्हणजे रोबोला हुकूम देणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, पिनेला थेट जोडू नकोस. पिनेला २० मिलिअँपिअर झेपतात, मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतात. मध्ये एल२९८एन ड्रायव्हर, म्हणजे बॅटरीचा प्रवाह मोटरला देणारा बोर्ड, घाल आणि आर्डुइनो व ड्रायव्हर दोघांचं ग्राउंड (वजा टोक) एकत्र कर. हा ड्रायव्हर स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो, म्हणून १८६५० चे दोन लिथियम सेल एकापुढे एक लाव, ७.४ व्होल्ट मिळतील. सेल होल्डरमध्येच बसव. त्यांच्या टोकांना सोल्डरिंग आयर्न अजिबात लावायचं नाही, हे मी काळजीने सांगतोय.

दोन मोटरी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. फरशीच्या रेघेवर चालवून बघ. गाडी डावीकडे ओढत असेल तर उजव्या मोटरचा वेग थोडा उतरव.

हे सगळं बसवायची फळी विकत घेऊ नकोस. ६ मिलिमीटर प्लायचा तुकडा कापून, कडांना कानस मारून एसटीच्या पार्सलने पाठवतो. भोकं मात्र तूच पाड, मोटरी हातात आल्यावर, माप घेऊन.

तुझा,
बाबा