बाबा, तुमच्या पायाबद्दल

आई, बाबा,

फोनवर पायाचा विषय काढला की बाबा लगेच आईकडे फोन देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

मी सध्या ज्या वॉर्डात आहे तिथे युद्धात जखमी झालेले सैनिक असतात. जखम भरल्यावर कोणाचं दुखणं थांबेल आणि कोणाचं मागे लागेल हे आधी ओळखता येतं का, ते आम्ही बघतो. तीन महिन्यांच्या वर राहिलं की त्याला क्रॉनिक पेन म्हणतात. मला आधी वाटायचं जेवढी मोठी जखम तेवढं मोठं दुखणं, पण तसं अजिबात नाहीये. आम्ही विचारतो ते वेगळंच असतं, नस दुखावलीय का, पहिल्या काही दिवसांत कळा किती जोरात होत्या, ऑपरेशनं किती झाली, झोप लागते का, तो स्फोट पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर येतो का, हे आता कधीच बरं होणार नाही अशी भीती बसलीय का. एकावरून काही कळत नाही आणि सगळं धरूनही तो अंदाजच, पण अंदाज आला तर नसेच्या दुखण्याची औषधं, फिजिओ, मनाचे उपचार वेळेत सुरू करता येतात, आणि त्याने खूप फरक पडू शकतो.

परवा जुनं वाचत होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात नसेला गोळी लागलेल्या सैनिकांबद्दल वीअर मिचेल नावाच्या डॉक्टरने 1864 मध्ये लिहून ठेवलंय, जखम कधीच भरलेली पण हाताची आग आग होते, कोरडा स्पर्श सहन होत नाही, म्हणून ती माणसं हात सतत ओला ठेवायची, पाण्याची बाटली जवळ बाळगायची. बाबा, मी तिथेच थांबले. तुम्ही रात्री पायावर ओला टॉवेल टाकून झोपता, चादर लागू देत नाही, आणि आम्ही लहानपणापासून त्याला तुमची सवय समजत आलो.

ती सवय नाहीये. नस दुखावली की मज्जारज्जू आणि मेंदू इतके हळवे होऊ शकतात की नुसता स्पर्शसुद्धा कळ म्हणून पोचतो. दुखणं खरं आहे, तुम्ही कमी पडलात असं काही नाही. तुमचा पाय मोडला तेव्हा फक्त हाड जुळलं का एवढंच विचारलं गेलं, झोपेचं कोणी विचारलं नाही, स्वप्नांचं तर नाहीच, आणि मीही इतकी वर्षं विचारलं नाही याचं मला फार वाईट वाटतंय.

म्हणून आता विचारते. आग होते का, करंट बसल्यासारखं होतं का, मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, रात्री किती वेळा जाग येते? बाबा, तुम्ही स्वतः सांगा. आई, तू फक्त लिहून घे, ते "काही नाही गं" म्हणाले तरी थोडं थांब आणि परत विचार. रविवारी मी फोन करेन तेव्हा कागद जवळ ठेवा, मग अशा दुखण्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मी घेते, आणि त्या दिवशी मी येते सोबत.

तुमची,
ताई