त्या माशीची बाजू घेऊन

प्रिय बाळ्या,

तुझा निरोप मिळाला. ‘ब्रेकिंग बॅड’चा तिसरा सीझन रंगात आला असताना दहाव्या भागात दोन माणसं सगळा वेळ एक माशी मारत बसली, म्हणून तू मालिकाच सोडलीस! यात तू एकटा नाहीस. २३ मे २०१० ला अमेरिकेत एएमसी वाहिनीवर हा ‘फ्लाय’ नावाचा भाग दाखवला गेला, तेव्हापासून प्रेक्षकांत दोन तट पडलेत. काहींना तो या मालिकेतल्या उत्तम भागांपैकी एक वाटतो, काहींना नुसता वेळकाढूपणा. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांत तर तो मालिकेच्या अगदी तळाशी आहे.

वेळकाढूपणाचा तुझा आरोप अर्धा खरा आहे, बरं का. हा भाग जन्मला तोच पैशांच्या तंगीतून. सीझनचं बजेट हाताबाहेर गेलं होतं, हे मालिकेचा कर्ता विन्स गिलिगन यानेच सांगितलंय. मालिका जिथे चित्रित व्हायची त्या अल्बुकर्की शहरात बाहेर शूटिंग करायचं म्हणजे ट्रक, दिवे, माणसं असं सगळं लटांबर हलवायचं, आणि त्या हलवाहलवीचाच खर्च डोईजड. त्यापेक्षा उभा सेट वापरा, नेहमीचे नट घ्या आणि कुठेही जाऊ नका. असल्या भागाला तिकडे बॉटल एपिसोड म्हणतात. लाँड्रीखालची ती ड्रग बनवायची प्रयोगशाळा होतीच. लेखक सॅम कॅटलिन आणि मोइरा वॉली-बेकेट यांनी गोष्ट तिथेच कोंडली. दिग्दर्शक रायन जॉन्सन या मालिकेत पहिल्यांदा आला तो याच भागासाठी.

आता ‘काहीच घडत नाही’ या तुझ्या वाक्याबद्दल. सुरुवातीला वॉल्ट, म्हणजे कॅन्सर झाल्यावर ड्रग बनवायला लागलेला आपला रसायनशास्त्राचा मास्तर, आकडेमोड करत बसलाय, आठवतंय? माल थोडा कमी भरतोय. तो त्याचा जोडीदार जेसी चोरतोय हे आपल्याला माहीत आहे, वॉल्टला नाही. मग माशी येते आणि हा गृहस्थ भेसळ, भेसळ म्हणत झोप, जेवण, धंदा सगळं विसरतो. जेसी मावशीची आणि ओपॉसम या प्राण्याची गोष्ट सांगतो, ती तुला पाल्हाळ वाटली असणार. पण मावशीचा कॅन्सर मेंदूत गेला होता. पोरगा आडून विचारतोय, की तुमचंही तसंच झालंय का? एवढ्या रासवट पोराला इतकी हळुवार चौकशी करायला लावली, तिथेच मी लेखकांना हात जोडले.

आणि जेसीने कॉफीत झोपेच्या गोळ्या घातल्यावरचं वॉल्टचं बोलणं! आपण नेमकं कधी मरायला हवं होतं, हे तो शोधतोय. घरी टीव्ही चालू आहे, दुसऱ्या खोलीत बायको तान्हीला अंगाई म्हणतेय, बस, तिथेच संपायला हवं होतं म्हणतो. भागाच्या सुरुवातीला माशीच्या क्लोजअपवर ऐकू येणारी अंगाई तीच, हे तेव्हा कळतं. पुढे त्याच रात्री बारमध्ये जेसीच्या मेलेल्या प्रेयसीचा, जेनचा, बाप भेटल्याचंही तो सांगतो. जेन मरत असताना वॉल्ट तिला न वाचवता नुसता बघत राहिला, हे आपण दुसऱ्या सीझनमध्ये डोळ्यांनी पाहिलंय; जेसीला ते माहीत नाही. जेसी शिडीवर, शिडी धरलेला वॉल्ट गुंगीत, आणि ओठांवर ‘जेनबद्दल वाईट वाटतं’. आणखी एक वाक्य निसटलं असतं तर सगळंच संपलं असतं. गोळीबाराच्या कुठल्याही प्रसंगात मी इतका श्वास रोखून बसलेलो नाही.

पैसे नव्हते म्हणूनच हे घडलं, असं माझं ठाम मत आहे. हाताशी पाठलाग आणि स्फोट असते, तर या दोघांना इतका वेळ समोरासमोर कोणी बसवलं असतं? थोडा लांबलाय, हे मान्य. पडझड-धडपड मीही चार मिनिटं कमी केली असती.

गंमत पुढेच आहे. हाच जॉन्सन आणि हीच वॉली-बेकेट पाचव्या सीझनच्या ‘ओझिमँडियस’ला पुन्हा एकत्र आले. १५ सप्टेंबर २०१३ ला तो लागला, एकट्या अमेरिकेत ६० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, आणि आयएमडीबीवर कित्येक वर्षं दहापैकी दहा गुण मिरवत राहिला. वॉली-बेकेटला त्याच्या लेखनासाठी २०१४ चा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे लोकांनी तळाला टाकलेला आणि डोक्यावर घेतलेला, दोन्ही भाग एकाच जोडीचे! त्यात काय होतं ते मात्र विचारू नकोस, सांगणार नाही.

तेव्हा ‘फ्लाय’ पुन्हा लाव, यावेळी मोबाइल लांब ठेवून. तरीही रटाळ वाटला तर फोन करून खुशाल शिव्या घाल. फक्त तो टाळून थेट अकराव्यावर उडी मारू नकोस.

तुझाच,
दोस्त