गुडघ्याच्या हाडाला लागलेला मुका मार: आई-बाबांना पत्र

मुलुंड, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गुडघ्याचा विषय निघाला की ‘एक्स-रे चांगला आला आहे, मग काळजी कसली’ असे म्हणून तुम्ही फोन आईच्या हाती देता. म्हणून एमआरआयचा अहवाल वाचून आणि डॉक्टरांना विचारून मला जे समजले, ते सविस्तर लिहून पाठवते आहे.

टॅक्सी पुढच्या टेम्पोवर आदळली तेव्हा तुमचा वाकलेला उजवा गुडघा डॅशबोर्डवर आपटला. हाडाचे बाहेरचे कवच टणक असले, तरी आत बारीक जाळीसारखी रचना असते आणि तिच्या पोकळ्यांत मगज (अस्थिमज्जा) व रक्तवाहिन्या असतात. जोराच्या आघाताने ही जाळी आतल्या आत ठिकठिकाणी तुटते, तिथे रक्त आणि पाणी साचते, पण कवच मात्र अखंड राहते. एक्स-रेमध्ये कवचाची रेघ सलग दिसली, त्यामुळे ‘फ्रॅक्चर नाही’ हे डॉक्टरांचे म्हणणे बरोबरच होते. आतली सूज त्या चित्रात उमटत नाही, ती एमआरआयमध्येच दिसते. तुमची एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहा. नडगीच्या वरच्या टोकाला, पुढच्या बाजूस, काळपट हाडात कडा विरलेला एक पांढुरका डाग दिसेल, तोच हा मार.

आई, अहवालातले ‘बोन मॅरो एडिमा’ हे शब्द वाचून तुझ्या मनात भलतीच शंका आली होती, पण त्यांचा अर्थ मगजाला आलेली सूज एवढाच आहे आणि इथे तिचे कारण अपघात हेच आहे. डॅशबोर्डवर गुडघा आपटला की नडगी मागे ढकलली जाते आणि गुडघ्याच्या आतला मागचा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा अस्थिबंध, फाटण्याची भीती असते. तो शाबूत असल्याचे अहवालात स्पष्ट लिहिले आहे, हे वाचून माझा जीव भांड्यात पडला.

आता बाबांना न आवडणारा भाग. कातडीवरचा काळानिळा डाग दोन-तीन आठवड्यांत जातो, पण हाडातला मार भरून यायला साधारणपणे दोन ते चार महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. हाडाला फुगायला जागा नसल्यामुळे आत दाब वाढतो आणि म्हणूनच बाहेर काहीही दिसत नसताना ठणका लागतो. यावर मुख्य उपचार म्हणजे त्या पायावर भार न टाकणे. तेव्हा दूध आणि वर्तमानपत्र आणायला चाळीचे तीन मजले उतरणे तूर्त बंद करा. तपासणीसाठी उतरावेच लागले तर काठी डाव्या हातात, एका हाताने कठडा धरून उतरताना आधी दुखरा पाय खाली टाका आणि चढताना आधी बरा पाय वर ठेवा. आई, तेल लावून गुडघा जोराने चोळू नकोस. चोळण्याचा परिणाम हाडाच्या आत पोहोचत नाही, उलट वरची सूज वाढू शकते. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेव. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याने डॉक्टरांनी दिलेल्या पॅरासिटामॉलखेरीज कोणतीही वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नये.

पोटरी सुजून गरम लागली, पाऊल बधिर झाले, पाय अजिबात टेकवेना किंवा दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, तर माझी वाट न पाहता दवाखान्यात जा आणि तिथूनच मला फोन करा.

इथून पुढे गाडीत बसताना सीट शक्य तितकी मागे सरकवा. आई, मागे बसलीस तरी पट्टा लाव; मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून गाडीतल्या सर्वांना तो सक्तीचा केला आहे, आणि पट्टा नसेल तर मागच्या माणसाचे गुडघेही पुढच्या सीटवर तसेच आदळतात.

मी शनिवारी काठी घेऊन येते. तिची मूठ मनगटाच्या रेषेइतक्या उंचीवर यावी लागते. बाबांना नेहमीच्या चपला घालून, हात सैल सोडून सरळ उभे कर आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजून मला कळव.

तुमची,
मेधा