दाताच्या डॉक्टरला पत्र

कुडाळ, रविवार रात्र

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर म्हणालास, "दिवसभर दाढा उपटायच्या, लिहिणार कधी?" म्हणून हे पत्र.

यू ह्वा हा चिनी कादंबरीकार तुझाच धंदेवाला. फक्त पदवीबिदवी नाही! जन्म १९६० चा, हाययान गावात वाढला. शाळा संपली आणि थेट दातांच्या दवाखान्यात नेमणूक. पाच वर्षं उपटले दात. उघड्या तोंडाइतकी रूक्ष जागा जगात नाही, असं त्याचं मत. खिडकीतून बघायचा तर सांस्कृतिक केंद्रातली माणसं रस्त्यावर भटकत असायची. कामावर का जात नाही, असं विचारलं तर म्हणे हेच आमचं काम. झालं, तिथं चिकटायचं म्हणून स्वारी लिहायला लागली.

१९८३ च्या अखेरीस 'बीजिंग साहित्य' मासिकातून फोन आला. कथा छापायची, पण शेवट फार काळोखा होता. हा म्हणाला, छापत असाल तर पहिल्या ओळीपासून उजेडच उजेड करून देतो!

पण १९९२ साली 'हुओझे', म्हणजे 'जगणं', लिहिली तेव्हा असला उजेड कुठला! फूगुई जुगारात वाडा घालवतो, मग एकेक करून घरची सगळी जातात. शेवटी उरतो एक नातू. तो तापलेला, म्हणून म्हातारा मायेनं शेंगा उकडून ठेवतो आणि शेतावर जातो. कधी पोटभर न मिळालेलं पोर इतकं खातं, की त्यातच जातं. मी पुस्तक मिटून ओटीवर जाऊन बसलो.

दोन वर्षांनी झांग यिमोउनं सिनेमा केला, पटकथेत यू ह्वा स्वतः, सोबत लू वेई. तिथं फूगुई सावल्यांच्या बाहुल्या नाचवतो, आपल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या बघ. आणि नातू जगतो! बाहुल्यांच्या रिकाम्या पेटीत कोंबडीची पिल्लं ठेवतो. कान महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं, चीनमध्ये मात्र बंदी. एवढा उजेड करूनही!

मला पुस्तकातलाच शेवट खरा वाटतो. पण झोप लागली ती पिल्लं बघून.

इंग्रजी प्रत पाठवतोय, चहाचे डाग माझे. आणि ती डावीकडची दाढ पुन्हा ठणकतेय रे. शनिवारी येऊ का?

तुझा,
बाळ्या