गळ बंद ठेवणे व घाटाची स्वच्छता याबाबत सूचना

गळाने मासे धरणाऱ्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रोहू, कटला व मृगळ हे मासे पावसाळ्यात गंगेला (म्हणजे गोदावरीला) नवे पाणी आले की प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतात आणि गाभोळी भरलेली एक मोठी मादी धरली तरी लाखो अंडी जातात. म्हणून १ जून ते ३१ ऑगस्ट गंगाखेड येथील गोदावरीच्या पात्रात कोणीही गळ टाकू नये.

त्यापूर्वी, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता सर्वांनी घाटावर जमावे. काठावरचे तंगुसाचे (गळाच्या नायलॉन दोरीचे) तुकडे वेचायचे आहेत. मागच्या खेपेस एका बगळ्याच्या पायात तंगूस इतका आवळला होता की कातडी सोलली होती.

- कात्री व पोते आणावे.
- तंगूस जाळू नये.