यंदाचा धोंडा

सांगली,
४ ऑक्टोबर २०२०

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, पाकीट फोडायच्या आधी तुम्ही वरचा शिक्का वाचला असणार. तारीख बघितली असणार, पिन कोड बरोबर आहे का तेही तपासलं असणार. बरोबर आहे, सातारा, ४१५००१. पोस्टात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मुलीला एवढं यायलाच पाहिजे. आई म्हणेल, रोज दोनदा फोन होतो, मग हे पत्राचं काय काढलंय? फोनवर हल्ली आपण बोलतच नाही गं, हजेरी घेतो एकमेकांची. गोळी घेतली? घेतली. बाहेर गेला होतात? नाही. मास्क? हो. शेवटी दोन्हीकडून "इकडं सगळं ठीक" आणि फोन ठेवायचा. त्या "ठीक"मध्ये मी बरंच काही घातलंय. ते तोंडानं सांगायला गेले तर रडेन आणि तू घाबरशील, म्हणून लिहितेय.

आधी धोंड्याचं. आई, परवा तू म्हणालीस, अधिक महिना १६ तारखेला संपतोय, २० ऑगस्टपासून एसट्या सुरू आहेत, आता पासही लागत नाही, जावयांना घेऊन एक दिवस तरी येऊन जा. तांब्याचा दिवा आणून ठेवलायस, अनारशांचे तांदूळ कधी भिजवू म्हणून विचारलंस. मी "बघते" म्हटलं. माझं "बघते" म्हणजे नाही, हे तुला चाळीस वर्षं माहिती आहे. तू जरा वेळ गप्प बसलीस आणि मग म्हणालीस, "पुढचा धोंडा तीन वर्षांनी. तेव्हा आम्ही असू नसू." बाबांनी मागनं "काय बोलतेस!" म्हटलेलंही मला ऐकू आलं.

तर, न येण्याचं कारण. २ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, यांना ताप आला. दोन दिवसांनी स्वॅब दिला, पॉझिटिव्ह. मी, नातू आणि सासूबाई, आमचे निगेटिव्ह आले. हे पंधरा दिवस मागच्या खोलीत होते. आता बरे आहेत, कामावरही जातात. आधी हे वाक्य दोनदा वाच आणि मगच पुढं जा.

तू रोज विचारायचीस, जावई दिसत नाहीत ते? मी म्हणायचे, आंघोळीला गेलेत. त्या पंधरा दिवसांत तुझे जावई वीसेक वेळा आंघोळीला गेले. तुला कळलं कसं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. का कळलं होतं?

मागची खोली म्हणजे परड्याकडची, जिथं बाबा आले की झोपतात ती. दाराबाहेर एक स्टूल ठेवलं होतं. मी ताट ठेवायचे, दारावर टकटक करून चार पावलं मागं जायचे. मग दार उघडायचं, हात बाहेर यायचा, ताट आत जायचं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण नवऱ्याचा नुसता हात इतके दिवस बघायची वेळ कधी आली नव्हती. ऑक्सिमीटर नावाचं चिमट्यासारखं यंत्र बोटाला लावतात. दिवसातून चारदा आतून आकडा ओरडायचे, "शहाण्णव!" तुमचा नातू बाहेर गणिताची चौकटीची वही घेऊन बसायचा आणि आकडा मांडून ठेवायचा. ती वही अजून आहे. वरच्या ओळीत त्यानं "बाबांचा ऑक्सिजन" असं लिहून खाली रेघ मारलीय, शाळेत मथळ्याखाली मारतात तशी.

एका रात्री त्र्याण्णव आला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पालथं झोपवा, तासाभरानं परत बघा, नाही चढला तर हलवू. एका हॉस्पिटलात आधी चौकशी करून ठेवली होती. तिथल्या माणसानं पेशंट कसा आहे हे विचारायच्या आधी डिपॉझिट किती भरणार ते विचारलं होतं. मी दाराबाहेर फरशीवर बसून राहिले. आतून खोकला आला की बरं वाटायचं, थांबला की भीती वाटायची. पावणेतीनला तुझा नंबर काढला, आई. बटण दाबणारच होते. मग डोळ्यांपुढं आलं, बाबा अंधारात चष्मा शोधतायत, तू त्यांच्याआधी धावतेयस, आणि फोनवर कळल्यावर तुम्ही दोघं उजाडेपर्यंत नुसते बसून आहात. सव्वाशे किलोमीटरवर बसून करणार काय होतात? नाही केला फोन. तीनच्या पुढं आतून आवाज आला, "पंच्याण्णव. जा, झोप." झोपले कसली.

गेल्या साली महापुरात आपण केवढं घाबरलो होतो, आठवतं? पण तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं, त्याचा आकडा होता. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि पाणी सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा आम्ही तुमच्या स्वयंपाकघरात बसून टीव्ही बघत होतो. गावभागातलं घर पाण्यात होतं, पण माणसं तुमच्याकडं सुखरूप होती. बॅग भरून माहेरी जाता येत होतं. या वेळी तेवढंच करता येत नाही, कारण बॅगेबरोबर काय येईल ते कुणाला माहीत? मार्चमध्ये इस्लामपुरात एकाच घरातली पंचवीसेक माणसं सापडली तेव्हा तूच म्हणाली होतीस, बाई, जवळच्या माणसांनाच होतं हे.

सासूबाई मात्र खंबीर. त्यांच्या आईनं सांगितलेल्या प्लेगच्या गोष्टी त्यांनी काढल्या: उंदीर पडले की गाव सोडायचं, माळावर झोपड्या बांधून राहायचं, गावात कुत्रंसुद्धा नाही. "आम्ही घराबाहेर जाऊन जगलो, तुम्ही घरात बसून जगा," असं नातवाला सांगत होत्या. आम्ही म्हणजे त्यांची आई, पण त्या प्लेगमधून स्वतः आल्यासारख्या बोलतात. काढा त्यांच्या हातचा. आलं, मिरी, दालचिनी आणि बहुतेक घरात जे सापडेल ते. सगळ्यांनी प्यायचा, तोंड वाकडं करायचं नाही.

शेजारचं काय सांगू. समोरच्या काकूंनी पंधराही दिवस फाटकावर डबा अडकवला, एकदाही काय झालं कसं झालं विचारलं नाही. आणि दुसऱ्या एकानं आमच्या दूधवाल्याला परस्पर सांगितलं, त्या घरात जाऊ नको. नाव लिहीत नाही. बाबा, तुम्ही त्यांच्याबरोबर बुद्धिबळ खेळता.

अजून एक लपवलेलं. यांच्या कंपनीनं एप्रिलपासून पगार तीस टक्के कापला. भागतंय. माझा पगार आहे, आणि कुठं जायचंच नाही म्हटल्यावर खर्च तरी कसला? उन्हाळ्यात द्राक्षवाले शेतकरी स्वतः टेंपो घेऊन दारात यायचे, बाजार बंद म्हणून. तेव्हा घेतलेली द्राक्षं धुवायला पातेल्यात भिजत घातली की मला त्यांचे चेहरे आठवायचे, भाव करावासा वाटायचा नाही.

माझी शाळा फोनमध्ये भरते. आठवतंय ना, मार्चमध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला आणि रद्दच झाला. वर्षभर शिकवलेला विषय, सगळ्यांना सरासरीचे मार्क. मला त्याचं फार लागलं होतं, हसू नका. आता नववीचा तास घेते. चाळीसपैकी वीस-बावीस येतात. बाकीच्यांच्या घरात एकच फोन, तो वडील घेऊन कामावर जातात. एक मुलगा भाजीच्या टेंपोत वडिलांशेजारी बसून तास करतो. परवा त्याला कृष्णेच्या उपनद्या विचारल्या. कोयना, वारणा, आणि मग त्याच्या मागनं, "दहाला जुडी, दहाला जुडी!" बाकीच्या मुलांना वाटलं तीच तिसरी नदी. मी पंचगंगा म्हणून पुढं गेले. त्याला हजेरीत लाल फुली कधी मारत नाही.

आता तुमच्याकडं येते. मला काहीच कळत नाही असं समजू नका. आई, ते "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"वाले घरी आले तेव्हा तू सांगितलंस, आम्ही दोघं ठणठणीत, बीपी नाही, शुगर नाही. वर मला फोनवर कौतुकानं सांगितलंस, कसं परतवून लावलं म्हणून! ते उचलून न्यायला आले नव्हते गं. ज्याला बीपी-शुगर आहे त्याच्याकडं जास्त लक्ष ठेवायचं, यासाठीच विचारतात. आणि बाबा, ऑगस्टमध्ये गोळ्या संपल्या तेव्हा तुम्ही आठ दिवस अर्धी-अर्धी घेतलीत. कुणी सांगितलं ते विचारू नका, तुमच्या गल्लीत माझी माणसं आहेत. अजिंक्यताऱ्यावर पहाटे कुणी नसतं म्हणून तुम्ही जाता. "कुणी नसतं" म्हणणारे पंधरा जण त्याच वेळेला वर येतात आणि दम लागला की मास्क हनुवटीवर घेऊन गप्पा मारतात. घराच्या गच्चीवर फेऱ्या मारा. कंटाळवाणं आहे, मला मान्य.

मी लपवलं, तुम्हीही लपवलंत. मी तुम्हाला रागवायचं आणि तुम्ही मला, असं या वेळी नको. पण इथून पुढं ताप आला तर ताप म्हणू, गोळी संपली तर संपली म्हणू. मीही "आंघोळीला गेलेत" म्हणणार नाही.

काल व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी अनारसे करत होते, तुझ्या लक्षात आलं असेल. तुझा चेहरा नेहमीसारखा दिसत नव्हता, पंखा दिसत होता आणि पंख्यातनं तुझा आवाज येत होता. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, पंचावर पसरले, दमट असतानाच मिक्सरवर काढले, गूळ घालून गोळे करून पाच दिवस ठेवले. सगळं तू सांगितलंस तसं. पहिला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडला आणि तो हसला. कढईभर हसला, नुसता चुरा. पंखा म्हणाला, "पीठ सैल झालंय, राखलेली पिठी घाल थोडी." सासूबाई आतून ओरडल्या, "हसला का गं?" आणि नातवानं विचारलं, त्याला काय झालं हसायला? तिसऱ्यापासून जमले. जाळी तुझ्यासारखी नाही पडली.

यांना एक दिला. खाऊन "छान झालाय" म्हणाले. मी बघत होते. आजारात वास गेला तो अजून पुरता आला नाही, आणि वासाबरोबर चवही. तूप तापल्याचा वास घरभर होता, फोनमधनं तुलासुद्धा आला असेल असं वाटत होतं, आणि हे शेजारी बसून "छान" म्हणत होते. जिना चढताना मध्ये एकदा थांबतात. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. अशा माणसाला तीन तास एसटीत बसवून आणायचं, तिथनं तुम्ही सत्तरीच्या पुढचे दोघं दारात उभे, आणि पाया पडताना लांबून पडायचं, हे मला जमणार नाही.

तर यंदाचा धोंडा राहू दे. तांब्याचा दिवा आत्ताच दान म्हणून देवापुढं लाव, पुढच्या वेळी दुसरा घे. अनारशांचे तांदूळ मात्र भिजवू नकोस. यांना चव येईल त्या दिवशी मी फोन करीन, सकाळ असो की रात्र. तेव्हा भिजव. मग अधिक महिना असो नसो, हे तुझ्याकडं येऊन तेहतीसच्या तेहतीस खातील. मी एक घेईन.

सासूबाईंचा नमस्कार. नातू अंगठा दाखवतोय.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, बीपीच्या गोळ्यांचं पार्सल वेगळं स्पीडपोस्टनं टाकलंय, दोन महिन्यांचं आहे. अर्धी करू नका.