सुहासला पत्र : एकाच बाजाराचे चार फंड कशाला?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझी यादी मिळाली. महिना १५,००० रुपयांची एसआयपी (दर महिन्याला फंडात ठरलेला हप्ता), मुदत २० वर्षं, आणि पैसे चार इंडेक्स फंडांत (निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडांत) सारखे वाटायचे: निफ्टी ५०, सेन्सेक्स, निफ्टी १०० आणि निफ्टी ५००. इंडेक्स फंडच घ्यायचा हा निर्णय पक्का ठेव, तो बरोबर आहे. यादी मात्र बदलायला हवी. का, ते सविस्तर लिहितो, कारण वीस वर्षं चालवायची गोष्ट नुसत्या दुसऱ्याच्या शब्दावर सुरू करू नये.

आधी हे चार फंड एकमेकांत किती मिसळलेले आहेत ते बघ. सेन्सेक्समधल्या ३० कंपन्या जवळपास सगळ्या निफ्टी ५० मध्ये असतात. निफ्टी ५० च्या ५० कंपन्या निफ्टी १०० मध्ये, आणि त्या शंभर निफ्टी ५०० मध्ये. हे सगळे निर्देशांक फ्री फ्लोट बाजारमूल्यावर चालतात, म्हणजे प्रवर्तकांकडचे शेअर सोडून जे प्रत्यक्ष बाजारात फिरतात त्यांच्या किमतीनुसार वजन ठरतं. त्यामुळे निफ्टी ५०० मध्येही साधारण सत्तर टक्के पैसा पहिल्या शंभर कंपन्यांतच जातो. तुझ्या वाटणीचा हिशेब केला तर दर शंभर रुपयांतले ब्याण्णवच्या आसपास रुपये त्याच शंभर कंपन्यांत, आणि मिडकॅप-स्मॉलकॅपमध्ये (मध्यम आणि छोट्या कंपन्यांत) जेमतेम सात-आठ. एचडीएफसी बँक, रिलायन्स, आयसीआयसीआय बँक ही नावं चारही ठिकाणी सर्वात वर. फंड चार, स्टेटमेंट चार, पण जोखमीची विभागणी एका निफ्टी १०० एवढीच.

सेन्सेक्स पहिल्यांदा काढून टाक. त्याचा इतिहास मोठा आहे, १ जानेवारी १९८६ पासून तो प्रसिद्ध होतो आणि १९७८-७९ हे त्याचं पायाभूत वर्ष. पण निफ्टी ५० हाताशी असताना त्याने वेगळं काही मिळत नाही, उलट पैसा कमी नावांत जास्त एकवटतो.

आता खरा प्रश्न उरतो: निफ्टी ५० वर थांबायचं की त्याखालच्या छोट्या कंपन्यांपर्यंत उतरायचं?

निफ्टी ५० च्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. शेअर अतिशय तरल (सहज घेता-विकता येणारे), त्यामुळे फंडाला खरेदी-विक्रीचा खर्च कमी, आणि फंड घराण्यांत स्पर्धा इतकी की डायरेक्ट प्लॅनचा (मध्यस्थाशिवाय थेट घेतलेल्या फंडाचा) खर्च खूप खाली आलेला आहे. उणी बाजू अशी की पहिल्या दहा कंपन्यांतच निम्म्याहून जास्त वजन असतं, आणि बँका व वित्तसंस्थांचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक. शिवाय आत शिरायला शेअरवर एफ अँड ओचे (वायदे आणि ऑप्शन्सचे) व्यवहार चालू असावे लागतात. तो दरवाजा बंद असेल तर कंपनी कितीही मोठी असली तरी खाली थांबते. डीमार्ट वर्षानुवर्षे नेक्स्ट ५० मध्ये (निफ्टी ५० नंतरच्या पन्नास कंपन्यांच्या निर्देशांकात) राहिली ती म्हणूनच.

तुझ्या ऑफिसातल्या मित्राने नेक्स्ट ५० सुचवला आहे. त्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण त्याची रचना लोक नीट बघत नाहीत. निफ्टी १०० मधून निफ्टी ५० वजा केला की उरतो तो नेक्स्ट ५०. म्हणजे या निर्देशांकाला दोन दारं आहेत. कंपनी खूप वाढली की वरच्या दाराने निफ्टी ५० मध्ये जाते, घसरली की खालच्या दाराने बाहेर. दर वर्षी मार्च आणि सप्टेंबरअखेर हा फेरबदल होतो. चढाव आणि उतार दोन्ही निफ्टी ५० पेक्षा जास्त, आणि एखाद्या उद्योगसमूहाचे अनेक शेअर एकाच वेळी आत असले तर धक्का मोठा बसतो. २४ जानेवारी २०२३ ला हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेचा अदानी समूहावर आरोप करणारा अहवाल आला तेव्हा त्या समूहाच्या एकाहून जास्त कंपन्या नेक्स्ट ५० मध्ये होत्या. ज्यांनी फक्त हाच फंड धरला होता त्यांनी त्या काही आठवड्यांत ते सोसलं.

नेक्स्ट ५० वाईट नाही, प्रमाण महत्त्वाचं. निफ्टी १०० मध्ये त्याचा वाटा साधारण पाचवा असतो. म्हणून निफ्टी ५० मध्ये १२,००० आणि नेक्स्ट ५० मध्ये ३,००० घातलेस तर घरच्या घरी निफ्टी १०० तयार होतो. ५०:५० केलंस तर मात्र तो बाजाराचा वाटा राहत नाही, तुझी पैज होते. लार्जमिडकॅप २५० या निर्देशांकाचंही तेच. त्यात मोठ्या शंभर कंपन्यांना निम्मं आणि पुढच्या दीडशे मिडकॅपना निम्मं वजन दर तिमाहीला पुन्हा बसवलं जातं, पण खऱ्या बाजारात मिडकॅपचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. मिडकॅप जोरात असतील त्या काळातला तक्ता दाखवून हा फंड विकला जातो. तो तक्ता बघून घेऊ नकोस.

माझा कौल निफ्टी ५०० ला आहे, एकट्या. कारण तिथे कंपनीला वर जायला दार लागत नाही. पाचशेच्या तळाशी अगदी नगण्य वजनाने आलेली कंपनी मोठी होत गेली तर तिचं वजन आपोआप वाढतं, फंडाला काही विकावं लागत नाही. मिडकॅप १५० मध्ये (त्या दीडशे मिडकॅपच्या निर्देशांकात) तीच कंपनी ऐन भरात विकून टाकावी लागते. बुडणारी कंपनीही तशीच हळूहळू बारीक होत बाहेर जाते. निफ्टी ५० मध्ये नाव जितकं मोठं, तितका बाहेर पडताना फटका मोठा. येस बँक मार्च २०२० मध्ये निफ्टी ५० मधून काढली, पण पुनर्रचनेच्या योजनेत शंभराहून जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले, आणि इंडेक्स फंड निर्देशांकात नसलेले शेअर सांभाळत बसले.

निफ्टी ५०० ची एक खरी अडचण आहे. तळाच्या शेअरांत उलाढाल कमी, त्यामुळे फंडाला निर्देशांक हुबेहूब पकडणं महाग पडतं. म्हणून निर्देशांक ठरल्यावर फंड निवडताना एकच आकडा काळजीने बघ: ट्रॅकिंग डिफरन्स. फंडाचा परतावा निर्देशांकापेक्षा वर्षाला किती कमी पडला, ते हा आकडा सांगतो. ट्रॅकिंग एरर वेगळा, तो त्या फरकातली चढउतार मोजतो. सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) एका वर्षासाठी ट्रॅकिंग एररची मर्यादा २ टक्के ठेवली आहे, पण ती इतकी सैल आहे की निवडीला उपयोगी नाही. ट्रॅकिंग डिफरन्स दर महिन्याला फंड घराण्याच्या आणि ॲम्फीच्या (फंड घराण्यांच्या संघटनेच्या) संकेतस्थळावर एक, तीन, पाच वर्षांसाठी द्यावा लागतो. डायरेक्ट प्लॅनचा तीन वर्षांचा आकडा घे, पाच वर्षांचा असेल तर तोही. निफ्टी ५० च्या फंडात फरक अर्ध्या टक्क्याच्या वर असेल तर तो फंड सोड. निफ्टी ५०० ला थोडी जास्त सूट दे, पण एकाच निर्देशांकाचे फंड शेजारी ठेवूनच तुलना कर. जाहीर खर्च कमी आणि फरक जास्त असेल तर कारण बहुधा दोनांपैकी एक: रोख रक्कम पडून राहते, किंवा फेरबदलाचे सौदे महाग पडतात.

तुलना टीआरआयशी कर, म्हणजे लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी. साध्या निर्देशांकाशी केलीस तर जवळजवळ प्रत्येक इंडेक्स फंड त्याला हरवताना दिसेल, कारण निफ्टीचा लाभांशाचा दर वर्षाला एक-सव्वा टक्का असतो आणि तो फंडात जमा होतो. सेबीने फंडांना टीआरआय १ फेब्रुवारी २०१८ पासून बंधनकारक केला, पण काही ॲपवरचे आलेख अजून साधा निर्देशांकच दाखवतात.

बँकेतल्या माणसाने तुला रेग्युलर प्लॅन (मध्यस्थाचं कमिशन खर्चात धरलेला) सुचवला आहे, तो घेऊ नकोस. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत. वर्षाला अर्ध्या टक्क्याचा फरक धरू. महिना १५,००० प्रमाणे २० वर्षांत तुझे ३६ लाख जातील. समजा १२ टक्के परतावा मिळाला (हे फक्त गणितासाठी, भाकीत नाही), तर साधारण १ कोटी ५० लाख होतात. ११.५ टक्क्यांनी १ कोटी ४० लाख. पावणेदहा लाख रुपये फक्त प्लॅनच्या नावातल्या एका शब्दावर.

फॉर्म भरताना: डायरेक्ट, ग्रोथ (नफा फंडातच राहतो). आयडीसीडब्ल्यू (वेळोवेळी पैसे वाटणारा पर्याय) नको, त्यात मिळालेल्या प्रत्येक पैशावर तुझ्या स्लॅबने कर लागतो. नवीन फंडाची एनएव्ही (एका युनिटची किंमत) १० रुपये आहे म्हणून तो स्वस्त नसतो, तेव्हा एनएफओच्या (नव्या फंडाच्या पहिल्या विक्रीच्या) मागे लागू नकोस. नॉमिनी भर. बँक मँडेटची (खात्यातून हप्ता कापायच्या परवानगीची) मर्यादा २५,००० ठेव, म्हणजे पुढे हप्ता वाढवताना पुन्हा कागद नको. स्टेटमेंटवर १५,००० ऐवजी १४,९९९.२५ दिसतील, ते ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क. तारीख कुठलीही चालेल, पगारानंतरची घे. सलग तीन हप्ते चुकले तर एसआयपी रद्द होते, तेव्हा खात्यात शिल्लक ठेव.

कराबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. एका फंडातून दुसऱ्या फंडात स्विच केलं की ती विक्रीच धरतात. प्रत्येक हप्त्याचे बारा महिने वेगळे मोजले जातात, आणि आधी घेतलेले युनिट आधी विकले असं धरतात. बारा महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के. त्यानंतर आर्थिक वर्षात १.२५ लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. उदाहरणार्थ दोन लाख नफा असेल तर ७५,००० वर ९,३७५ आणि त्यावर ४ टक्के उपकर. म्हणून ट्रॅकिंग डिफरन्स शेजारच्या फंडाचा ०.०५ ने कमी दिसला तर जुना विकू नकोस. फार बिघडलाच तर नवे हप्ते दुसरीकडे वळव, जुने युनिट तसेच राहू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ८ जानेवारी २००८ ला निफ्टी ६,२८८ च्या जवळ बंद झाला होता, २७ ऑक्टोबरला २,५२४. साठ टक्के गेले, दहा महिन्यांत. २०२० मध्ये जानेवारीच्या १२,३६२ वरून २३ मार्चला ७,६१०. निफ्टी ५०० यातून वाचवत नाही, छोट्या कंपन्यांमुळे एखाद्या वेळी जास्तच पडेल. कागदावर २० लाख दिसत असताना ते आठ लाख झाले तर तू आणि वहिनी हप्ता चालू ठेवाल का, हे दोघांनी आत्ताच बसून बोला. उत्तर "नाही" असेल तर १५,००० पैकी काही रक्कम पीपीएफकडे वळव. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, चिऊच्या शाळेची फी धरून, इथे आणूच नकोस. आणि मुदत संपायला पाच वर्षं राहिली की दर वर्षी थोडं काढत जा, ती १.२५ लाखाची सूटही दर वर्षी वापरली जाईल.

निफ्टी ५०० च्या ज्या फंडांना किमान तीन वर्षं झाली आहेत, त्यांचा ट्रॅकिंग डिफरन्स आणि एकूण मालमत्ता रविवारपर्यंत एका कागदावर उतरवून मला पाठव. सगळ्यांचा फरक मोठा निघाला तर वर लिहिलेली १२,०००-३,००० ची जोडी घे. तुझा आधीचा एखादा फंड असेल तर तो बंद करण्याआधी त्याचा एक्झिट लोड (लवकर विकल्यास कापलं जाणारं शुल्क) आणि खरेदीची तारीखही कळव.

वहिनींना नमस्कार, चिऊला आशीर्वाद.

तुझा,
श्रीनिवास